मायक्रोवेव्हची फिरती तबकडी: आधी मोजा, मग सुधारा

सूपचा वाडगा मायक्रोवेव्हमधून काढला. कडेला बुडबुडे येतायत आणि मधला चमचा तोंडात घातला तर गार. पुन्हा मिनिटभर आत ठेवला, आता कडा करपल्या. अशा वेळी दोष वॉटला दिला जातो, नाहीतर वाडग्याला. खालच्या काचेच्या तबकडीकडे कुणी बघत नाही, कारण ती फिरते आहे ना, म्हणजे तिचं काम चालू आहे, असं आपण धरून चालतो.

घरगुती उपकरणांच्या यांत्रिक भागांवर काम करताना मी या तबकडीपाशी पुन्हा पुन्हा येतो. काच, तीन चाकांचं कडं, मोटरचा दांडा काचेला जोडणारा मधला प्लॅस्टिकचा कपलर आणि तळाखाली एक चपटी मोटर, एवढाच सगळा संसार. तरीही यातल्या प्रत्येक भागात सुधारणेला भरपूर जागा आहे. पुढे जे सांगतो त्यातलं निम्मं कुणालाही घरच्या ओव्हनवर करून बघता येईल. बाकीचं उत्पादनाचं डिझाइन करणाऱ्यांसाठी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

एक गोष्ट सगळ्यांत आधी. ओव्हनचं बाहेरचं पत्र्याचं आवरण घरी उघडायचं नाही. आतल्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या सर्किटमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. तो जीव घेतो. घरी प्रयोग करायचे ते हाताने उचलून बाहेर येणाऱ्या भागांवरच: काच, कडं, कपलर. मोटर, तळाचं भोक आणि टायमिंग यांवरचं काम प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, लहरींची गळती मोजण्याच्या उपकरणासह प्रयोगशाळेतच व्हायला हवं.

तबकडी नेमकं काय करते?

रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ साली मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळीवर, अन्न तापवण्याच्या पद्धतीचं पेटंट मागितलं. घरगुती ओव्हनमध्ये फिरती तबकडी मात्र १९६६ साली शार्प कंपनीने आणली. मधल्या काळातल्या ओव्हनमध्ये लहरी ढवळणारा धातूचा पंखा छताजवळ असायचा. काम दोघांचं एकच. पंखा लहरींना हलवतो, तबकडी अन्नाला.

हलवायचं कशाला? ओव्हनच्या लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे हवेत तरंगलांबी सुमारे १२.२ सेंमी. धातूच्या बंद पेटीत या लहरी भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळून जागच्या जागी उभ्या राहतात. काही ठिकाणी जोर, काही ठिकाणी जवळजवळ शून्य. एका जोराच्या जागेपासून पुढची जागा ढोबळमानाने अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे ६ सेंमीवर असते. लहरी तिरप्या जात असल्यामुळे तळाच्या पातळीवर हे अंतर प्रत्यक्षात अनेकदा जास्त भरतं. अन्न जागेवर स्थिर असेल तर त्यावर गरम-गार ठिपक्यांची नक्षी उमटते.

तबकडी फिरली की प्रत्येक ठिपक्याचं वर्तुळ होतं. केंद्रापासून ८ सेंमीवरचा घास एका फेऱ्यात ८ सेंमीच्या वर्तुळावरच्या सगळ्या गरम आणि गार जागांतून जातो, त्यामुळे त्या वर्तुळावर उष्णता सारखी पडते. पण शेजारच्या ५ सेंमीच्या वर्तुळावरची सरासरी वेगळीच असू शकते. आणि अगदी केंद्रावरचा घास? तो जागचा हलतच नाही. तिथे गार जागा असेल तर दहा मिनिटं फिरवलं तरी ती गारच राहणार. थोडक्यात, तबकडी कोनांमधला फरक मिटवते, त्रिज्यांमधला नाही. सुधारणेची दिशा या एका वाक्यातून ठरते, म्हणून ते पक्कं डोक्यात ठेवा.

पायरी १: नऊ कपांची चाचणी

मोजल्याशिवाय काहीही बदलू नका. साहित्य अगदी साधं: ६ सेंमी व्यासाचे एकसारखे नऊ कागदी कप, स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा आणि वही. कपांवर धातूची किनार किंवा चकचकीत छपाई नको. खालचे आकडे २७ सेंमीच्या तबकडीसाठी आहेत. तुमची मोठी असेल तर बाहेरचं वर्तुळ त्या प्रमाणात वाढवा.

एका मोठ्या भांड्यात खोलीच्या तापमानाचं पाणी घेऊन ढवळा, तापमान लिहा आणि प्रत्येक कपात बरोबर १०० ग्रॅम भरा. एक कप केंद्रावर. चार कप केंद्रापासून ७ सेंमीवर, एकमेकांशी काटकोनात. उरलेले चार १०.५ सेंमीवर, आधीच्या चारांच्या मधल्या दिशांना. कपांवर क्रमांक घाला.

पूर्ण शक्तीवर २ मिनिटं चालवा. ८०० वॉटच्या ओव्हनमध्ये सगळी उष्णता पाण्यात गेली असं धरलं तर सरासरी वाढ २५ अंशांच्या आसपास येते. तुमच्या ओव्हनची वाढ बरीच कमी असेल तर ती आत्ताच नोंदवून ठेवा. दार उघडल्याबरोबर प्रत्येक कप नीट ढवळून तापमान घ्या आणि नऊही कप मिनिटभरात आटपा. मोजायचा क्रम दर वेळी बदला, नाहीतर शेवटचा कप थांबल्यामुळे गार झाला की मुळातच कमी तापला, हे कळायचं नाही.

ही चाचणी तीन वेळा तबकडी फिरत असताना करा आणि तीन वेळा कपलर काढून ठेवून, म्हणजे तबकडी स्थिर असताना. आत पाणी असल्यामुळे यात ओव्हनला धोका नाही. रिकामा ओव्हन मात्र कधीही चालवू नका.

आता हिशोब. सर्वांत जास्त वाढीतून सर्वांत कमी वाढ वजा करा, सरासरी वाढीने भागा, शंभराने गुणा. हा झाला तुमचा असमानतेचा टक्का. त्याखाली तीन आकडे वेगळे लिहा: केंद्राची वाढ, आतल्या चारांची सरासरी, बाहेरच्या चारांची सरासरी. तबकडी फिरत असताना एकाच वर्तुळावरचे चार कप जवळपास सारखे यायला हवेत. तसं नसेल तर फिरण्यातच काहीतरी गडबड आहे: तबकडी घसरते आहे, थांबून थांबून चालते आहे, किंवा मोटर अधूनमधून दिशा बदलते आहे. चार कप सारखे असूनही तीन आकड्यांत मोठा फरक असेल तर मग आपला खरा शत्रू सापडला: त्रिज्या.

चित्र डोळ्यांनी बघायचं असेल तर ओल्या पुठ्ठ्यावर पावतीचा उष्णतासंवेदी कागद भिजवून पसरा आणि थोडा वेळ चालवा. गरम जागा काळ्या पडतात. कपलर काढलेला असताना ठिपके दिसतात आणि बसवल्यावर त्यांचीच वर्तुळं झालेली दिसतात. पहिल्यांदा बघताना मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो होतो, इतकं ते स्पष्ट होतं. तो कागद नंतर फेकून द्या, खाण्याच्या वस्तूंजवळ नेऊ नका, आणि तबकडी धुऊन घ्या.

पायरी २: केंद्रापासून सुटका

सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे काचेवर एक वर्तुळ छापणं. नऊ कपांच्या चाचणीत जी त्रिज्या सर्वांत चांगली निघाली तिथे एक ठळक कडं आणि केंद्रावर फुली. वापरणारा माणूस कप आपोआप कड्यावर ठेवतो. छपाईच्या रंगात धातूची भुकटी नको, तिने ठिणग्या पडतात. नुसत्या रंगापेक्षा काचेतच उठावाची रेघ ओतली तर आणखी चांगलं: ती झिजत नाही आणि ज्यांना कमी दिसतं त्यांच्या बोटांनाही कळते. इतकी साधी सोय फार थोड्या तबकड्यांवर दिसते याची मला मनापासून खंत वाटते.

घरी करायचं तर एवढंच: एकच कप असेल तर तो बाजूला ठेवा, मध्ये नाही. अनेक तुकडे असतील तर कड्यासारखे मांडा आणि मधली जागा रिकामी सोडा.

पण मोठा वाडगा ठेवला की केंद्र झाकलं जाणारच. इथे डिझाइन करणाऱ्याला तबकडीची हालचालच बदलावी लागते. माझ्या मते सर्वांत फायदेशीर रचना दुहेरी फिरकीची आहे. खालचा हात मोटरवर फिरतो, त्याच्यावर थोडी बाजूला सरकवलेली तबकडी स्वतःभोवतीही फिरते. सरकवायचं किती? जोराच्या जागेपासून गार जागेपर्यंतचं अंतर साधारण पाव तरंगलांबी, म्हणजे ३ सेंमी धरू. तबकडीचा अक्ष १.५ सेंमीने सरकवला की तिचं केंद्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर ३ सेंमीचा फेरा मारतं. मग गार जागेत अडकून पडणारा घासच राहत नाही.

याची किंमत जागेत मोजावी लागते. अक्ष १.५ सेंमी सरकवला तर त्याच पेटीत मावणाऱ्या भांड्याचा व्यास ३ सेंमीने घटतो. म्हणून जास्त सरकवण्याचा मोह टाळा. दोन फिरक्यांचं गुणोत्तर पूर्णांक ठेवू नका. दातांची संख्या ४१ आणि १७ अशी, ज्यांना सामाईक भाजक नाही, घेतली की अन्नाचा मार्ग पुन्हा जुन्या रेषेवर यायला बरेच फेरे लागतात. दातांमध्ये अन्नाचे कण अडकणार हे गृहीत धरून दात मोठे, उथळ आणि एका हाताने सुटे होणारे करा.

दुसरा मार्ग म्हणजे तबकडीच काढून टाकून सपाट सिरॅमिक तळाखाली फिरता अँटेना बसवणं. चौकोनी भांडी ठेवता येतात आणि तळ पुसायला सोपा जातो. पण तेव्हा अन्न हलत नाही, सगळी भिस्त अँटेनाच्या रचनेवर राहते. पेटी मोठी आणि भांडी चौकोनी असतील तर हा मार्ग घ्या. लहान पेटीत मी तबकडीच सुधारेन.

पायरी ३: उंची

धातूच्या तळाला चिकटून विद्युतक्षेत्राचा आडवा घटक शून्य असतो आणि वर जाताना वाढत पाव तरंगलांबीवर, म्हणजे सुमारे ३ सेंमीवर, भरात येतो. हा सरळ खालून वर जाणाऱ्या लहरीचा हिशोब आहे. खऱ्या पेटीत तो थोडा सरकतो, पण सुरुवात करायला पुरेसा आहे. म्हणूनच अन्न तळापासून उचलून धरणं हे तबकडीचं दुसरं काम.

इथे एक बारकावा निसटतो. काचेत लहर आखडते. बोरोसिलिकेट काचेत ती हवेतल्यापेक्षा साधारण २.१ पट आखूड होते. त्यामुळे ६ मिमी जाडीची काच लहरीच्या लेखी जवळपास १३ मिमी हवेइतकी असते. चाकांचा व्यास १७-१८ मिमी ठेवला की दोन्ही मिळून ३ सेंमी भरतात. काच आणि चाकं वेगवेगळ्या हातांनी ठरवली की हा मेळ हुकतो. घरी उंची अजमावायची असेल तर मायक्रोवेव्हसाठीच्या प्लॅस्टिक जाळीवर कप ठेवून नऊ कपांची चाचणी पुन्हा करा.

पायरी ४: वेग वाढवू नका, ताल तपासा

"तबकडी जोरात फिरवली तर जास्त सारखं तापेल ना?" हा प्रश्न मला नेहमी येतो. नाही. अन्न मिनिटांच्या हिशोबाने तापतं, तबकडी १०-१२ सेकंदांत फेरा पूर्ण करते. तेवढ्या वेळात कोनांची सरासरी व्यवस्थित होते. मिनिटाला ३० फेरे केले तर १२ सेंमीवरचं पाणी सुमारे ७ अंशांनी तिरपं होईल आणि काठोकाठ भरलेला कप सांडेल. हाती काही लागणार नाही.

खरी अडचण कमी शक्तीवर येते. इन्व्हर्टर (शक्ती सलग कमी-जास्त करणारं सर्किट) नसलेला ओव्हन ३० टक्के शक्ती देतो म्हणजे मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण चालू, मग बंद, पुन्हा चालू, असं करतो. आता मोटरकडे बघा. तबकडीच्या सिंक्रोनस मोटरवर (तिचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो) सहसा ५/६ असे फेरे छापलेले असतात: ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ५, ६० हर्ट्झवर ६. म्हणजे एक फेरा १२ किंवा १० सेकंदांचा.

समजा चालू-बंदचं चक्र ३० सेकंदांचं आहे आणि फेरा १० सेकंदांचा. ३० सेकंदांत बरोबर तीन फेरे होतात, म्हणजे मॅग्नेट्रॉन दर वेळी चालू होतो तेव्हा वाडगा नेमका त्याच स्थितीत उभा असतो. २० टक्के शक्तीवर चालू वेळ ६ सेकंद. त्यातले पहिले दोनेक सेकंद मॅग्नेट्रॉनचा फिलामेंट तापण्यात जातात. उरलेल्या ४ सेकंदांत तबकडी १४४ अंशच फिरते. वाडग्याला सगळी उष्णता पेटीतल्या याच एका कमानीत मिळते, उरलेल्या २१६ अंशांत तो नुसता फिरत राहतो. वितळवायला ठेवलेल्या पदार्थाची एकच बाजू शिजते आणि दुसरी बर्फच राहते, त्यामागचं हे एक कारण आहे.

तुमच्या ओव्हनमध्ये असं होतं का ते कानाने कळतं. ३० टक्के शक्तीवर पाण्याचं भांडं ठेवा, काचेच्या कडेला रंगीत खूण करा. मॅग्नेट्रॉन चालू झाला की गुणगुण जाड होते. त्या क्षणी खूण कुठे आहे ते पाच वेळा लिहा. पाचही वेळा एकाच जागी असेल तर ताल जुळून बसला आहे, आणि तो मोडायला हवा.

डिझाइनमध्ये उपाय सॉफ्टवेअरमधला, म्हणजे जवळपास फुकटचा आहे. १२ सेकंदांच्या फेऱ्याला २० सेकंदांचं चक्र घ्या. दर चक्राला तबकडी दोन-तृतीयांश फेरा पुढे सरकते आणि मिनिटभरात तीन वेगळ्या स्थितींत उष्णता पडते. १० सेकंदांच्या फेऱ्याला मात्र तेच २० सेकंदांचं चक्र घातक आहे. एकच ओव्हन दोन्ही वारंवारतांच्या प्रदेशांत विकला जाणार असेल तर चक्राची लांबी वीजवारंवारता ओळखून बदलायला हवी. घरी उपाय एकच, पण खात्रीचा: अर्ध्या वेळेला थांबवून भांडं तबकडीवरच अर्धा फेरा वळवून ठेवा.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. एकूण वेळ फेऱ्याच्या पटीत दिला, म्हणजे १२ सेकंदांच्या तबकडीला ६०, ८४ किंवा १२० सेकंद, तर कपाचा कान ठेवला होता तिथेच परत येतो. गरम कपाच्या मागे हात घालावा लागत नाही. टायमरच्या बटणाचा टप्पा ठरवताना हे लक्षात ठेवा.

पायरी ५: चाकांचं कडं

एकदा दुरुस्तीला आलेल्या एका ओव्हनची तक्रार होती: मोठं भांडं ठेवलं की टक् असा आवाज येतो, रिकामा कप ठेवला की नाही. मी घड्याळ लावून बसलो. आवाज दर ८ सेकंदांनी येत होता. फेरा १२ सेकंदांचा, मग ८ कुठून आले? कड्यावर आणि काचेवर स्केच पेनने एकेक रेघ मारली आणि भांड्याशेजारी पाण्याचा पेला ठेवून चालू केलं. काचेने पूर्ण फेरा घेतला तेव्हा कड्याची रेघ अर्ध्यातच होती.

चाकं स्थिर तळ आणि फिरती काच यांच्या मध्ये लोळतात, त्यामुळे कडं काचेच्या निम्म्या वेगाने फिरतं. म्हणजे काचेवर कुठेही वजन ठेवा, ते चाकांच्या सापेक्ष सरकत राहतं आणि कधी ना कधी दोन चाकांच्या मधल्या पोकळीवर येतंच. १२ सेकंदांच्या फेऱ्याला ही सापेक्ष फेरी २४ सेकंदांची. चाकं तीन, पोकळ्या तीन, म्हणून दर ८ सेकंदांनी काच झुकून पुन्हा बसत होती.

झुकते कधी? तीन चाकं केंद्रापासून ९ सेंमीवर असतील तर त्यांच्या त्रिकोणाची कड केंद्रापासून फक्त ४.५ सेंमीवर येते. काच १ किलोची आणि १ किलोचा दुधाचा जग केंद्रापासून १० सेंमीवर ठेवला असं समजा. जग कडेच्या ५.५ सेंमी बाहेर आहे, काचेचं वजन ४.५ सेंमी आत. जग जिंकतो आणि काच उचलली जाते. भांडं काचेइतकंच जड असेल तर हिशोब सोपा होतो: तीन चाकांच्या रचनेत ते केंद्रापासून चाकांइतक्याच अंतरापर्यंत सुरक्षित असतं, त्यापलीकडे नाही.

तीन उपाय आहेत. पहिला, चाकं बाहेर न्या. ९ ऐवजी ११ सेंमीवर नेली की कड ५.५ सेंमीवर जाते आणि वरचा जग स्थिर राहतो. दुसरा, चाकं चार करा. ९ सेंमीवरच चार चाकं असतील तर कड सुमारे ६.४ सेंमीवर जाते. पण तीन पायांचं स्टूल कुठल्याही जमिनीवर टेकतं, चार पायांचं डुलतं. पत्र्याचा तळ आणि दाबून घडवलेली काच यांत थोडा वाकडेपणा असतोच. म्हणून चार चाकांचं कडं ताठ नको, चारही चाकं टेकतील इतपत लवचीक हवं. तिसरा उपाय काच जड करण्याचा, पण तो मला पसंत नाही. धुताना जड काच हातातून निसटते.

माझी निवड अशी: चाकं तीनच, पण पेटीत बसतील तितकी बाहेर, आणि तळात त्यांच्यासाठी उथळ चाकोरी. चाकोरीमुळे कडं बाजूला सरकत नाही. तिचा काठ गोलसर ठेवा, म्हणजे सांडलेलं एका फडक्याने निघतं. चाकांच्या आसापाशी चिकट थर साचला की चाक लोळायचं थांबून घासत जातं, त्याला एक सपाट चट्टा पडतो आणि मग खडखड सुरू होते. आसावर चाक बोटाने काढता-घालता यायला हवं. घरच्या ओव्हनमधलं कडं महिन्यातून एकदा कोमट साबणपाण्यात भिजवा. आवाजाच्या निम्म्याहून जास्त तक्रारी माझ्या अनुभवात इथेच संपतात. तेल मात्र लावू नका, त्याने चाकं घसरतात आणि कचरा धरतात.

पायरी ६: कपलर आणि तळाचं भोक

मोटरचा दांडा तळाच्या भोकातून वर येतो. हे भोक म्हणजे लहरींना बाहेर पडायची वाट होऊ शकते. गोल नळीतून २.४५ गिगाहर्ट्झची लहर मोकळी जायला सुमारे ७ सेंमी व्यास लागतो. १२ मिमीच्या भोकाभोवती तेवढ्याच उंचीची धातूची कॉलर ठेवली तर रिकाम्या नळीत शक्ती हजाराहून जास्त पटींनी घटते. पण त्याच भोकातून धातूचा दांडा आत आणला की दांडा आणि कॉलर मिळून टीव्हीच्या केबलसारखी रचना होते, आणि तिला व्यासाची मर्यादा उरत नाही. म्हणून आत जाणारा दांडा प्लॅस्टिकचाच हवा. टिकाऊपणासाठी इथे धातू बसवायची कल्पना अनेकांना सुचते. ती तिथेच सोडा. बदलानंतर गळती मोजलीच पाहिजे: ओव्हनच्या पृष्ठभागापासून ५ सेंमीवर दर चौरस सेंमीला ५ मिलिवॅट ही आंतरराष्ट्रीय मानकातली कमाल मर्यादा आहे.

कॉलरचा दुसरा फायदा म्हणजे सांडलेलं दूध भोकातून मोटरवर ओघळत नाही. कपलरला छत्रीसारखी झालर दिली की हे काम आणखी पक्कं होतं.

कपलरचे तीन पंख काचेखालच्या उंचवट्यांत अडकतात. पंख वरच्या बाजूला निमुळते करा, म्हणजे काच अंदाजे ठेवली तरी घरंगळत जागेवर बसते. पंख आणि उंचवट्यांमध्ये काही अंशांची ढील मुद्दाम राहू द्या. ही मोटर सुरू होताना कुठल्याही दिशेला फिरू शकते, आणि भांडं भिंतीला अडलं तर उलट फिरू लागते. ढील असली की दिशा बदलताना मोटरला एकदम पूर्ण भार ओढावा लागत नाही. दांड्याचं भोक इंग्रजी डीच्या आकाराचं असतं. त्याचे कोपरे टोकदार असले की तडा तिथूनच सुरू होतो. अर्ध्या मिलिमीटरची गोलाई पुरते.

साहित्य आणि काच

चाकं आणि कपलरसाठी पीपीएस, पीटीएफई किंवा पॉलिप्रॉपिलीन चालतं. नायलॉन ओलावा शोषतं आणि मग स्वतःच तापतं. काळ्या रंगासाठी कार्बन घातलेलं प्लॅस्टिकही टाळा. थ्रीडी प्रिंटरवरचं पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, त्यामुळे ते मापं तपासण्यापुरतंच. शंका असेल तर तो भाग आणि शेजारी पाण्याचा पेला ठेवून मिनिटभर चालवा. पाणी तापलं आणि भाग गार राहिला तर तो योग्य.

बोरोसिलिकेट काच साध्या सोडा-लाइम काचेच्या जवळपास एक-तृतीयांश प्रसरण पावते, त्यामुळे गरम काचेवर गार पाणी पडलं तरी तडकण्याची शक्यता कमी. काठ मात्र नीट विचार करून उंचवा. ३० सेंमीच्या काचेवर ५ मिमी उंच काठ सुमारे ३५० मिली द्रव अडवतो, म्हणजे भरलेला मोठा कप. उचलायला काठावर तीन ठिकाणी बोटं बसतील अशा खाचा द्या, कारण काच कुठल्या स्थितीत थांबेल ते माहीत नसतं.

पायरी ७: पुन्हा मोजा

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर नऊ कपांची चाचणी तीनदा. दोन बदल एकत्र केले की कुठल्याने गुण दिला ते कळत नाही. असमानतेच्या टक्क्याबरोबर केंद्र, आतलं आणि बाहेरचं वर्तुळ हे तीन आकडेही प्रत्येक वेळी लिहा.

शेवटी बर्फाची चाचणी. ही सर्वांत कठोर, कारण बर्फ लहरी फार कमी शोषतो आणि पाणी खूप जास्त. जो भाग आधी वितळला तो पुढची उष्णताही ओढून घेतो, आणि छोटा फरक वाढत जातो. प्लॅस्टिकच्या चौकोनी डब्यात २ सेंमी जाडीचा बर्फ करा, एका कोपऱ्यावर खूण करा. खुणेचा कोपरा दाराकडे ठेवून ३० टक्के शक्तीवर चालवा. तबकडी कुठल्या दिशेला फिरते ते लिहा, कारण दिशा बदलली की निकालही बदलू शकतो. दर मिनिटाला फोटो घ्या आणि पाणी पहिल्यांदा कुठे साचतं ते बघा. त्याच दिशेच्या प्रत्येक फेरीत तोच कोपरा आधी वितळत असेल तर पायरी ४ वर परत जा, ताल अजून मोडलेला नाही. चारही कोपरे आधी सुटून मध्ये बर्फाचा डोंगर राहत असेल तर पायरी २ मधला अक्ष थोडा आणखी सरकवायला हवा, पण तो २ सेंमीच्या पुढे नेऊ नका.